नाक माझं, डोळे अण्णांचे

किसनअण्णांना वास येत नव्हता. हे मी सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते या एका गोष्टीमुळे झालं, आणि माझ्यामुळे झालं. सव्वीस वर्षं ते चाकणच्या एका कंपनीत रंगाच्या विभागात होते. थिनरच्या वाफेनं त्यांचं नाक हळूहळू निकामी केलं होतं. घरात दूध करपलं तरी ते त्यांना वहिनींच्या ओरडण्यावरून कळायचं. त्याचं ते दुःख करत नसत. "नाक गेलं तर गेलं," म्हणायचे. "रंगाची शेड काय नाकानं बघायची हाय का? डोळं हायेत तवर आपली भाकरी हाय."

मी त्याच कंपनीत स्टोअरला. किती ड्रम आले, किती गेले, किती उरले, हे बघण्यात माझी बावीस वर्षं गेली आहेत. घरीही माझा स्वभाव तोच. गॅसचा सिलिंडर कोणत्या तारखेला लावला हे मी त्याच्यावर खडूनं लिहितो. अण्णा मला 'भाऊसाहेब' म्हणायचे. गावात तलाठ्याला म्हणतात तसं, थोडं मानानं आणि बरंचसं चेष्टेनं.

अण्णा निघोज्याचे. घरची निम्मी जमीन कारखान्यांत गेली आणि त्या वेळी अण्णांना नोकरी मिळाली. शिक्षण दहावी नापास. सुरुवातीला काम झाडू मारायचं आणि रंगवायचे पत्रे हुकाला अडकवायचं. त्यांचा डोळा लोकांच्या कसा लक्षात आला, ते मी स्वतः पाहिलं आहे. बाहेरच्या एका पुरवठादाराकडून रंगवलेले बंपर आले होते. शेड मोजायच्या यंत्रानं ते पास केले. अण्णा हातात झाडू घेऊन बाजूला उभे होते.

"सायेब, ह्यो आजारी हाय," ते म्हणाले.

नवा इंजिनिअर हसला. "आजारी म्हणजे काय, अण्णा?"

"पिवळा पडलाय."

"मशीन खोटं बोलतं का मग?"

"मशीन खोटं न्हाई बोलत. पण ते दिव्याखाली बघतंय. गिऱ्हाईक उन्हात बघणार."

इंजिनिअरनं केवळ गंमत म्हणून बंपर आणि गाडीचा पत्रा बाहेर अंगणात नेऊन शेजारी ठेवले. ऊन पडल्यावर फरक मलासुद्धा दिसला, आणि मला निळ्या-जांभळ्यातला फरक बायकोला विचारावा लागतो. वर्षभरात अण्णांच्या हातातला झाडू गेला. यंत्राच्या आकड्याशेजारी अण्णांची सही आल्याशिवाय माझ्या स्टोअरमधून माल हलेना. गावातही त्यांचा मान वाढला. घराला रंग द्यायचा असेल, लग्नाची साडी घ्यायची असेल, की लोक अण्णांना घेऊन जायचे.

पण या डोळ्यांपायी तो माणूस आयुष्यभर भीत राहिला. त्यांच्या थोरल्या भावाचे डोळे पन्नाशीतच काचबिंदूनं गेले होते. तो भाऊ दिवसभर ओट्यावर बसून असायचा आणि आवाज येईल तिकडे तोंड फिरवायचा. अण्णा त्याच्यासमोर फार वेळ थांबत नसत. रोज सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसलं की ते आधी डावा डोळा झाकायचे, मग उजवा, आणि लांबच्या पाट्या वाचायचे. मी एकदा विचारलं, "हे काय करता रोज?"

"हजेरी घेतो," ते म्हणाले. "दोघंबी आल्यात का बघतो."

वेल्डिंग चाललेलं असलं तर ते माझं डोकं धरून दुसरीकडे वळवायचे. दिवाळीत चारही दिवस दार लावून घरात बसायचे. एकदा डोळे आले तेव्हा आठ दिवस रजेवर होते. मी भेटायला गेलो, तर हा सहा फुटी गडी अंधाऱ्या खोलीत उकिडवा बसलेला. मला म्हणाले, "भाऊसाहेब, हात गेला तर माणूस दुसऱ्या हातानं खातो. पर ह्ये गेलं तर मी कोण?" मी आणलेली केळी किती आहेत ते सांगितलं आणि घरी आलो.

आता मोहितोचं सांगतो. एक मोठे साहेब निवृत्त झाले, तेव्हा हायवेवरच्या हॉटेलात जेवण होतं. अण्णा अशा ठिकाणी भिंतीला टेकून लिंबूपाणी घेत उभे राहायचे. त्या दिवशी कुणीतरी त्यांच्या हातात मोहितोचा उंच ग्लास दिला. त्यात पांढरी रम, लिंबू, पुदिना, सोडा आणि बर्फ होता. अण्णांनी तो दिव्यासमोर धरला आणि बराच वेळ प्यायलेच नाहीत. मग काउंटरवर जाऊन म्हणाले, "दादा, आणिक एक करा. मी नुसता बघतो."

परत येताना बसमध्ये मला म्हणाले, "हिरवा असा आत अडकल्यागत हाय. त्याच्यावर बर्फाचा पांढरा. असला हिरवा डब्यात येत न्हाई, भाऊसाहेब."

तेव्हापासून महिन्यातून दोन बुधवारी आम्ही निघोज्याच्या त्यांच्या गच्चीवर बसायचो. बुधवारच का, तर आमच्याकडे कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, आणि गुरुवार आमच्या दोघांच्याही घरी उपासाचा. देवाच्या दिवशी सुट्टी आणि कामाच्या दिवशी मजा, अशी अडचण. म्हणून पहिली पाळी संपली की बुधवारी संध्याकाळी एकेक ग्लास. दुसरा कधीच नाही. दोघांनी पिण्याचा रीतसर परवानाही काढला होता. तो काढायचा आग्रह माझा. अण्णा म्हणाले होते, "दोन बोटं रम प्यायची आन् फोटो देऊन यायचं. भाऊसाहेब, तुमी लघवीलाबी अर्ज कराल."

वहिनींची अट एवढीच की स्वयंपाकघरात काही आणायचं नाही आणि उघडलेली बाटली घरात ठेवायची नाही. म्हणून पाण्याच्या टाकीच्या सावलीत स्टूल मांडायचा आणि उरलेली बाटली मी मोशीला माझ्या घरी न्यायची. पुदिना त्यांच्या मोरीच्या पाण्यावर वाढलेला. एका ग्लासाला बारा पानं. ती तळहातावर ठेवून दुसऱ्या हातानं एकदा थापटायची, ग्लासात टाकायची, वर दोन चहाचे चमचे पिठीसाखर, अर्धं कागदी लिंबू, आणि ताकाच्या रवीच्या दांड्यानं दाबायचं. मी पहिल्यांदा जोर लावला तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "ठेचा न्हाई करायचा आपल्याला. नुसतं दाबायचं. पान फाटलं की काळं पडतं, आन् कडू हुतं." मग रम. मी पंचेचाळीस मिलीचं माप नेलं होतं. ते म्हणाले, "ठेवा खिशात." त्यांनी नजरेनं ओतली आणि मी मोजली. पाच बुधवार मोजली. जास्तीत जास्त चूक दोन मिलीची. बर्फाचं पाणी आधी उकळून गार केलेलं, म्हणजे खडा काचेसारखा होतो. सोडा ग्लासच्या कडेनं सोडायचा. शेवटी ग्लास उन्हात धरायचा.

"पास?" मी विचारायचो.

"पिवळा जरा जास्ती हाय. लिंबू शिळं दिसतंय. पर पास."

एक गोष्ट त्यांना करता येत नसे. पुदिन्याचा वास सुटला की नाही, रम बरी आहे की नाही, हे त्यांना कळायचं नाही. ते काम माझं. दाबून झालं की ग्लास माझ्यापुढे धरायचे, मग बाटली धरायचे. मी हुंगून 'ओके' म्हणायचो, मगच पुढचं. "नाक तुमचं, डोळं माझं," ते म्हणायचे. "दोघात मिळून एक धड माणूस." आणि पहिला ग्लास नेहमी त्यांचा. पाहुण्याला आधी देत नसत. रंगाच्या विभागात पहिला पत्रा रंगवणाऱ्यानं स्वतः बघायचा असतो, तसं. निम्मा ग्लास झाला की म्हणायचे, "आता तुमचा घ्या."

त्या बुधवारी बाटली माझ्याकडे होती, निम्मी भरलेली. दुसऱ्या दिवशी घरी पूजा होती म्हणून संध्यानं, माझ्या बायकोनं, ती स्वयंपाकघरातून हलवायला सांगितलं होतं. मी ती कपडे धुण्याच्या बाल्कनीतल्या फळीवर ठेवली. त्याच फळीवर तशीच दुसरी एक बाटली होती. आमचीच रिकामी झालेली, लेबल तसंच असलेली. तिच्यात पत्रा पुसायचं द्रव होतं. रंगवण्याआधी पत्र्यावरचा तेलकटपणा काढायला ते कंपनीत वापरतात. पाण्यासारखं स्वच्छ. घरी रंगकाम झालं तेव्हा फरशीवरचे डाग काढायला ड्रमच्या तळातलं उरलेलं मी पाण्याच्या बाटलीतून, जेवणाच्या पिशवीत घालून आणलं होतं. बावीस वर्षांत गेटपासशिवाय बाहेर नेलेली तेवढीच एक वस्तू. ती प्लास्टिकची बाटली चिरली, म्हणून ते काचेच्या बाटलीत ओतलं. "चिठ्ठी तरी लावा," संध्या म्हणाली होती. मी म्हणालो होतो, "घरात आपण दोघंच तर आहोत." सिलिंडरवर तारीख लिहिणारा मी, असं म्हणालो होतो.

साडेपाचला मी निघोज्यात पोचलो. उशीर झाला होता. अण्णांनी पुदिना दाबून तयार ठेवला होता. त्यांनी ग्लास पुढे केला, मी हुंगला. पुदिना, लिंबू, सगळं छान. मग त्यांनी बाटली पुढे केली. माझ्या नाकात पुदिन्याचा वास भरलेला होता, हातात हेल्मेट होतं, आणि तीच तर मागची बाटली, असं मनात होतं. मी मान वाकवली. हुंगलं नाही. "ओके," म्हणालो.

त्यांनी दोन्ही ग्लास केले, आपला उन्हात धरला, निम्म्याहून जास्त प्यायले. मग थांबले.

"भाऊसाहेब, ही रम निराळी लागतीया. जिभेला गोड."

"साखर जास्त पडली असेल," मी म्हणालो.

त्यांनी माझा ग्लास माझ्याकडे सरकवला. मी तो उचलला आणि फोन वाजला. संध्या होती. "अहो, फरशी पुसायची बाटली कुठं ठेवलीत? इथं तुमचीच उरलीय."

मी ग्लास खाली ठेवला. बाटली नाकाला लावली. रमचा वास नव्हता. मी टाकीच्या कट्ट्यावर बसलो. अण्णांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. त्यांनी विचारलं नाही की काय झालं. त्यांनी विचारलं, "डोळ्यावर जातं का ते?"

त्या ड्रमवरचं लेबल मी शेकडो वेळा वाचलं होतं. मी म्हणालो, "हो."

अण्णांनी काही आदळआपट केली नाही. ते जिन्यानं खाली उतरले, प्रत्येक पायरीकडे बघत, जणू त्या पाठ करत होते. अंगणात वहिनींसमोर क्षणभर उभे राहिले. वहिनींनी विचारलं, "असं काय बघताय?" ते म्हणाले, "काय न्हाई. चल, दवाखान्यात जायचंय."

शेजाऱ्याच्या गाडीत बसल्यावर मी स्टोअरमधल्या पाळीवरच्या माणसाला फोन करून ड्रमवरची चिठ्ठी पुन्हा वाचून घेतली. जे मला माहीत होतं तेच त्यानं वाचलं, मिथेनॉल. डॉक्टर तरुण होते. मी द्रवाचं नाव, अंदाजे किती मिली आणि किती वाजता, हे सांगितलं. ते म्हणाले, "लवकर आणलंत हे बरं. पण याचा परिणाम लगेच दिसत नाही. उद्यापर्यंत वाट बघावी लागेल." मग म्हणाले, "आणि आता यांना औषध म्हणून मोजून दारूच द्यावी लागणार आहे. ती या विषाला अडवून धरते."

पलंगावरून अण्णा म्हणाले, "भाऊसाहेब, परवाना आणा." ते हसले. माझ्याच्यानं हसवेना. त्यांच्या हाताकडे बघितलं तर ते चादर घट्ट धरून होते.

विषाची केस म्हणून हवालदार जबाब घ्यायला आले. बाटली कुणाची, कुठून आली, असं त्यांनी विचारलं. मी तोंड उघडणार तोच अण्णा म्हणाले, "माझीच. साफसफाईला म्हणून मीच आणून ठिवली व्हती. चुकून घेतली." हवालदारांनी माझ्याकडे बघितलं. कंपनीचा माल गेटपासशिवाय बाहेर नेला, म्हणजे नोकरी त्याच दिवशी जाते. मला दोन मुलं आहेत, घराचे अकरा वर्षांचे हप्ते उरले होते. हे सगळं त्या एका क्षणात माझ्या डोक्यात आलं, आणि मी गप्प राहिलो. हवालदारांनी लिहून घेतलं.

रात्रीत त्यांचं रक्त यंत्रातून काढून धुतलं. गुरुवारी सकाळी ते जागे झाले तेव्हा मी आणि वहिनी पलंगाच्या दोन बाजूंना होतो. मी बोटं पुढे धरली. "किती?"

"तीन," ते म्हणाले. "पर धुकं हाय. समदं दुधात बुडाल्यावानी."

मी दर अर्ध्या तासानं बोटं धरत होतो आणि वेळ कागदावर लिहीत होतो. शेवटी वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, सारखं काय दिसतंय ते नका विचारू. त्यांना भ्या वाटतंय." त्या मला भावजी म्हणाल्या. त्यांना अजून माहीत नव्हतं. आजही नाही.

तिसऱ्या दिवशी धुकं गेलं. डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. अण्णांनी खालच्या ओळीपर्यंत धडाधड वाचली, दोन्ही डोळ्यांनी. वहिनी रडल्या. मी दवाखान्याच्या बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहिलो आणि श्वास घेतला. त्या दिवशी मला वाटलं, सुटलो. अक्षरं काळी होती आणि तक्ता पांढरा होता, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

पंधरा दिवसांनी अण्णा कामावर आले. पहिल्याच दिवशी स्टोअरमधून मी एक पत्रा सहीसाठी नेला. अण्णांनी तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, खिडकीपाशी नेला. फार वेळ लावला. मग इंजिनिअरला विचारलं, "यंत्र काय म्हणतंय?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी कधी आधी विचारला नव्हता. इंजिनिअर म्हणाला, "पास." अण्णांनी सही केली. पत्रा माझ्याकडे देताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पावती फाडायचं निमित्त केलं.

महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला. कारण लिहिलं, खांदा दुखतो. निरोपाला सगळ्यांनी भाषणं केली. अण्णांच्या नजरेतून काही सुटत नाही, असं तोच इंजिनिअर म्हणाला. अण्णा हात जोडून हसत उभे होते. मीही टाळ्या वाजवल्या. त्यानंतर ना त्यांनी मला बुधवारी बोलावलं, ना मी गेलो. घरातल्या प्रत्येक बाटलीवर, खोबरेलाच्यासुद्धा, मी आता चिठ्ठी लावतो.

मागच्या महिन्यात मोशीत रस्त्याकडेच्या भाजीच्या गाडीपाशी ते मला दिसले. दुपारचे चार वाजले असतील. मी चार-पाच हातांवर गाडी लावून उभा होतो. अण्णांनी पिशवी उघडून धरली होती.

"बाबा, टमाटे तुम्हीच निवडून घ्या की, पिकलेले बघून," भाजीवाली म्हणाली.

"तूच घाल, बाई. तुझा हात बरा हाय."

तिनं त्यांच्याकडे एकदा बघितलं. मग वरचे दोन-तीन लाल घातले आणि खालून चार पार हिरवे, कच्चे. अण्णा सरळ पिशवीत बघत होते. एकेक टोमॅटो आत पडताना त्यांनी बघितला. "झ्याक," म्हणाले आणि पैसे दिले.

अण्णा, कच्चे घातलेत तिनं, एवढंच मला म्हणायचं होतं. त्याला परवाना लागत नव्हता, गेटपास लागत नव्हता. अण्णा पिशवी खांद्याला लावून वळले आणि माझ्या दिशेनं चालत आले. त्यांची नजर माझ्यावरून गेली. ती थांबली की नाही, मला सांगता येणार नाही, कारण तोवर मी हेल्मेटची काच खाली ओढली होती.